बुरूजटेकडीच्या पाण्याची तारीख

दख्खनपुरात प्रत्येक प्रश्नाला तारीख होती.

थट्टा नव्हे. दोन कोटी वस्तीच्या त्या महानगरात चौकाचौकांत पाट्या लावलेल्या असत. पाटीवर त्या भागाचे प्रश्न ओळीने लिहिलेले आणि प्रत्येकापुढे तो सुटण्याचं साल. 'बेघर कुटुंबं : सन २०६८.' 'शाळा सोडणारी मुलं : सन २०७३.' 'दारूपायी होणाऱ्या मारामाऱ्या : सन २०८०.' आणि नवल असं, की ते साल उजाडलं की प्रश्न खरोखरच सुटलेला असे. वर्षभर उशीर झाला तर कार्यालय जाहीर माफी मागे. पाच शहरं वाढत वाढत एकमेकांना चिकटली तेव्हा काही शहाण्या माणसांनी ठरवलं होतं, की आता पुढच्या निवडणुकीपुरता विचार करून भागायचं नाही, विचार करायचा तर शंभर वर्षांचा. त्यासाठी शतनियोजन कार्यालय निघालं. लोक त्याला नुसतं 'शंभरी' म्हणत. सुरुवातीला 'भरली यांची शंभरी!' म्हणून हसतही असत. पुढे ते हसणं आपोआप थांबलं, कारण २०९१ साली दख्खनपुरात उपाशी झोपणारं माणूस दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं.

फक्त बुरूजटेकडीच्या पाटीवर 'घरोघरी पाणी' अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढे साल नव्हतं. तिथे नुसती आडवी रेघ होती.

ती रेघ ओवीमावशी लोखंडे रोज सकाळी बघायच्या, आणि रोज सकाळी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मावशी अठ्ठावन्न वर्षांच्या. त्यांच्या पिढीत ओवी, अर्णव, विहान ही नावं घरोघर होती. आता असं नाव कानावर आलं की समजावं, माणूस पिकलेलं आहे. पाणी खात्यात त्या चावीवाली होत्या. चार फुटी लोखंडी चावी खांद्यावर टाकून टेकडीच्या पायथ्याशी जायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत बसवून सोळा आटे फिरवायचे, की आठ सार्वजनिक नळांना पाणी सुटे. सकाळी सहा ते सात. सातच्या ठोक्याला बंद. चारशे बारा कुटुंबं, आठ नळ आणि एक तास. बाकी शहरातल्या चाव्या यंत्रं फिरवत होती. माणसाच्या हाताची चावी उरली होती ती एवढीच.

बरं, पाइप नव्हते म्हणावं, तर तसंही नाही. तीस वर्षांपूर्वी टेकडीवर घरोघर पाइप टाकून झाले होते. प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीला नळ होता. मावशींची सून नभा त्या कोरड्या नळाला चहाची गाळणी अडकवायची. वर चढवणारी मोटर होती, मोठ्या टाकीत पाणी होतं, आणि पायथ्याच्या झाकणाशेजारी आणखी एक झाकण होतं, वरच्या चावीचं. त्यावर शंभरीचा शिक्का. "पाइप आहे, मोटर आहे, पाणी आहे," मावशी म्हणायच्या, "नाही काय? तर मेल्यांची मर्जी नाही!"

मावशी पाणी हक्क समितीच्या अध्यक्षही होत्या. खात्याची चाकरी आणि खात्याशीच भांडण, दोन्ही त्या सारख्याच नेकीनं करत. बावीस वर्षांत त्यांनी बावीस अर्ज केले होते. प्रत्येक अर्जाला एका शब्दाचं उत्तर आलं होतं : 'विचाराधीन.'

आणि या वर्षी नभाला सातवा महिना लागला. मुलगा सोहम समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, दोन महिन्यांतून एकदा येणार. शेजारपाजारचे दोन हंडे आणून टाकत, पण नभा मानी. मावशी खाली चावीपाशी अडकलेल्या असताना ती गुपचूप हंडा घेऊन उतरायची. एकशे बारा पायऱ्या होत्या. एकोणतिसाव्या वर्षी याच पायऱ्यांवर, वरून चाळिसाव्या पायरीवर, कमरेवरच्या भरल्या हंड्यासकट मावशी घसरल्या होत्या आणि पोटातली मुलगी गेली होती. तिचं नाव ठेवायचंसुद्धा राहून गेलं. सोहम पुढे चार वर्षांनी झाला. ती चाळिसावी पायरी मावशी अजूनही पाय न ठेवता ओलांडायच्या.

शंभरीचा एक नियम होता. एकाच मागणीचे वीसहून जास्त अर्ज झाले, की नागरिकाला समोरासमोर बसून तोंडी उत्तर मागता येई, आणि त्या उत्तरात खोटं बोलायला अधिकाऱ्याला बंदी होती. मावशींनी बाळ यायच्या आत तो नियम काढला.

उत्तर द्यायला बसले होते डॉ. निषाद कर्णिक. शंभरीचे मुख्य गणिती. पंचेचाळिशीचे, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या चष्म्याकडे बघणारे.

"मावशी, चहा घेणार?"

"चहा नको. आमच्या पाण्याचं काय ते सांगा. खरं सांगा, नियम आहे म्हणे."

"आहे," कर्णिक म्हणाले. "तुमच्या घरी बाज आहे?"

"होती. सासऱ्यांची. तिचं काय आता?"

"तिची एक दोरी तुटली तर काय होतं?"

"काही नाही. झोपणारा घोरत पडतो."

"दहा तुटल्या तर?"

"कुरकुरते. झोळ पडतो."

"आणि मग?"

"मग एक दिवस आणखी एक तुटते आणि माणूस बदकन खाली!" मावशी म्हणाल्या. "आमचे मामंजी तसेच पडले. कंबर धरून महिनाभर बसले होते."

"आता ती शेवटची दोरी कोणती, हे आधी कळलं तर?"

"ते कसं कळणार, डॉक्टर?"

"कळतं. तेच आमचं शास्त्र."

मग कर्णिकांनी ते शास्त्र समजावून सांगितलं, आणि माणूस भला म्हणून सोप्या शब्दांत सांगितलं. शहर म्हणजे ओळखींची बाज. ज्याचं दार आपण न विचारता ठोठावू शकतो, ती एक दोरी. अशा सगळ्या दोऱ्या मिळून होते ती शहराची 'वीण'. माणसामागे दोऱ्या कमी होत गेल्या तर शहर हळूहळू बिघडत नाही. बरीच वर्षं काहीच होत नाही. मग एक उंबरठा येतो आणि तो ओलांडला की काही महिन्यांत सगळं शहर तुकड्यातुकड्यांत फुटतं. मदत पोचत नाही, लाज पोचत नाही, फक्त अफवा पोचते. मागच्या शतकात जगातली कितीतरी शहरं अशी बसली आणि कुणाला कारण कळलं नाही. शंभरीने दारू, मारामाऱ्या, शाळा सोडणारी मुलं यांच्याशी सुटं सुटं भांडण केलंच नव्हतं. तिने वीण उंबरठ्याच्या वर ठेवली, की बाकीचे प्रश्न आपोआप सुटत गेले. त्यासाठी यंत्रात एक 'प्रतिनगर' वसवलेलं होतं. त्यात दख्खनपूर जसंच्या तसं, दोन कोटी आकड्यांची माणसं धरून. खऱ्या शहरात काही करण्याआधी ते प्रतिनगरात करायचं, शंभर वर्षं पुढे पळवायचं आणि काय होतं ते बघायचं.

"बुरूजटेकडीला घरोघर पाणी दिलं, असं आम्ही तीन हजार वेळा करून बघितलं," कर्णिक म्हणाले. "दर वेळी सन २१३१ च्या आसपास दक्षिण दख्खनपूर फुटतं."

"आमच्या नळांमुळे?"

"नळ आले की तुमची रांग मोडते, म्हणून. तुमच्या टेकडीची वीण सगळ्या शहरात घट्ट आहे. आणि तुमची माणसं कामाला जातात कुठे? परिचारिका, वाहनचालक, स्वयंपाकी, पहारेकरी, सगळ्या शहरात. तुमची टेकडी म्हणजे बाजेची गाठ आहे, मावशी. ती सुटली की सगळंच सैल."

बावीस वर्षं मावशींनी आळस, हलगर्जी, पोटभरू कारकून अशा सगळ्यांना शिव्या मोजल्या होत्या. हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"म्हणजे तुम्ही आम्हाला मुद्दाम तहानलेलं ठेवलंत?"

"हो."

"मग पाणी देऊन जत्रा भरवायची होतीत, बाग करायची होतीत! माणसं जमवायला तहानच लागते होय?"

"तेही करून बघितलं. हौसेची भेट तीन महिने टिकते, गरजेची तीन पिढ्या. म्हणून तर तुम्हाला विनंती आहे, की हे टेकडीवर कुणाला सांगू नका. रांग मुद्दाम ठेवली आहे हे कळलं, की तीही हौसेची होईल." कर्णिकांचा आवाज उतरला. "मला याचा आनंद नाही, मावशी. पण एका पारड्यात दोन कोटी माणसं आहेत."

"आणि दुसऱ्यात माझी पोर होती," मावशी म्हणाल्या. "चाळिसाव्या पायरीवर गेली ती. तुमच्या त्या प्रतिनगरात आहे का ती? बघा जरा शोधून."

कर्णिक समोरच्या कागदाची घडी करत, उलगडत राहिले आणि शेवटी आपल्या बाजूने काहीतरी सांगायला हवं म्हणून म्हणाले, "तुम्ही स्वतःच विचार करा. चारशे बारा कुटुंबं रोज सरासरी त्रेचाळीस मिनिटं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभी असतात. इतका सहवास या शहरात दुसरीकडे कुठेच नाही."

"कोण उभं असतं?"

"तुम्ही सगळे. नळावर."

"हे मोजलंत कशानं?"

"हंड्याच्या बुडाला खात्याने टिकली बसवलीय ना, कुणाचं कुटुंब आहे ते नळाला ओळखू यावं म्हणून? त्या टिकल्यांवरून. कुठली टिकली कुठल्या टिकलीजवळ किती वेळ होती, हे सगळं नोंदलेलं आहे. बावीस वर्षांचं."

मावशींनी डोळे विस्फारले. मग त्यांच्या पोटातून हसू उसळलं ते आवरेना. पदराने डोळे पुसत त्या हसल्या, परत कर्णिकांचा चेहरा बघितला आणि परत हसल्या.

"डॉक्टर, तुम्ही जन्मात कधी पाण्याला नंबर लावलाय?"

"नाही. आमच्याकडे लहानपणापासून नळच—"

"तरीच! अहो, पाण्याच्या रांगेत माणसं उभी राहत नाहीत हो! हंडे उभे राहतात! माणूस हंडा ठेवतो आणि घरी जाऊन परत झोपतो!"

कर्णिकांच्या हातातली घडी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला ते स्वतः टेकडीच्या पायथ्याशी हजर झाले. आठ नळांसमोर आठ रांगा लागल्या होत्या. पितळी हंडे, स्टीलचे हंडे, एक निळा डबा, एका ठिकाणी हंडा आणायचा कंटाळा म्हणून टिकली चिकटवलेली वीट. आणि माणूस म्हणाल तर एकच. अर्णवतात्या भोसेकर, वय वर्षं एक्क्याऐंशी, पूर्वीचे क्रेनचालक, आता टेकडीवर एकटेच राहणारे. ते स्टुलावर बसून हंडे राखत होते.

"हे कोण?" तात्यांनी मावशींना विचारलं.

"शंभरीचे डॉक्टर. आपली रांग बघायला आलेत."

"बावीस वर्षं कागदावर शोधली होय? काखेत कळसा अन् गावाला वळसा!" तात्या खदखदून हसले. सहा वाजले, मावशींनी चावी फिरवली, पाणी सुटलं. पुढचा हंडा भरला की तात्या काठीने मागचा पुढे सारत. नळावर कुणी आलेलं असलं तर तेही जाता जाता दोन-चार हंडे पायाने पुढे ढकलून जात. आपला-परका बघत नसत. तात्या पायऱ्यांकडे तोंड करून हाका मारत, "ए पवारांच्या, आला तुझा नंबर!" मध्येच थांबून ते मावशींना म्हणाले, "साळुंख्यांचा पोचे पडलेला हंडा दिसत नाही गं आज. कुणाला तरी धाड वर." वर धाडलं, तर साळुंख्यांची म्हातारी तापाने फणफणलेली निघाली.

कर्णिक माणसं मोजत होते. एका वेळी कधी चार, कधी सहा, बहुतेक वेळा दोन. सातला पाणी बंद झालं तेव्हा ते पायरीवर बसून राहिले.

"बावीस वर्षं," ते म्हणाले. "मी हंड्यांचा सहवास मोजला."

"तुमची तरी काय चूक?" मावशींना त्यांची दया आली, आणि खरं तर फार आनंदही झाला होता. "माणसाने रांग लावली असती तर कळलं असतं. आता द्या पाणी!"

"देतो. मुद्दाम अडवायला आता माझ्याकडे पुरावाच नाही. पण मावशी, तुमची वीण घट्ट आहे, ती आम्ही आणखी चार मापांनी तपासलीय. ती काही खोटी नव्हे. मग ती आली कुठून?"

"ते तुमचं तुम्ही बघा हो, गणितं घाला," मावशी म्हणाल्या. "आम्हाला पाणी द्या म्हणजे झालं."

कर्णिक वचनाचा पक्का माणूस. पंधरवड्यात वरच्या चावीचा शिक्का फुटला. मावशींनी सगळ्या टेकडीसमोर सोळा आटे फिरवले आणि वरून, घराघरांतून, एकदम ओरडा झाला. नभाच्या स्वयंपाकघरात गाळणीतूनच पाणी आलं. ती काढायचं भान कुणाला होतं? मावशी त्या नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या आणि ढसाढसा रडल्या. त्या दिवशी टेकडीवर दोनदा आंघोळी झाल्या. पाटीवरची आडवी रेघ पुसून तिथे साल लिहिलं गेलं : २०९१.

नभा सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली सात पौंडांची, नाकीडोळी मावशींसारखी. हंडे माळ्यावर गेले. कुणी त्यात तांदूळ भरला, कुणी तुळस लावली. पायऱ्यांवर आता कामाला जाता-येताना तेवढी माणसं दिसत. मावशींना सकाळी काम उरलं नाही. खात्याने चावी त्यांच्याकडेच राहू दिली, अडीअडचणीला म्हणून. त्या नातीला तेल लावत बसत आणि म्हणत, "तुझ्या आजीने शंभरीला पाणी पाजलं हो बाळे!" त्या वर्षीइतक्या सुखात त्या कधीच नव्हत्या.

मग फाल्गुनात एका दुपारी नव्वदाव्या पायरीवरून पाण्याचा ओघळ वाहताना नभाला दिसला. कुणाचा तरी नळ उघडा राहिला असेल म्हणून ती ओघळाच्या मागे मागे वर गेली. तो अर्णवतात्यांच्या दाराखालून येत होता. दार आतून बंद. फोडलं, तर तात्या मोरीपाशी पडलेले आणि नळ चालू. डॉक्टर म्हणाला, तीन दिवस झाले. आणि नंतर खालच्या आवाजात असंही म्हणाला, की पडल्यावर बहुधा पहिला दिवसभर ते जिवंत असावेत.

मावशींनी ते ऐकलं. तीन दिवस! अहो, रांगेत तात्यांचा हंडा दिसला नसता तर तिसऱ्या मिनिटाला माणूस वर धावला असता. चारशे बारा घरं, भिंतीला भिंत लागून, आणि तीन दिवस कुणाला कळलं नाही. त्यांना स्वतःलाही कळलं नाही. त्या नातीला तेल लावत होत्या.

तेराव्याला कर्णिक आले. तात्यांच्या फोटोला हात जोडले आणि मावशींच्या ओट्यावर येऊन बसले.

"माझी पहिली चूक, मी हंड्यांना माणसं समजलो," ते म्हणाले. "ते निदान हसण्यासारखं होतं. पण चूक कळल्यावर मी हंडे हिशोबातूनच काढून टाकले, ती दुसरी. हंडा म्हणजे माणूस नव्हता, मावशी. तो रोज सकाळचा निरोप होता, की मी आहे. आणि दुसऱ्याचा हंडा त्याच्या पाठीमागे कुणीतरी पुढे सरकवत होतं. न बघता, न मोजता, रोज. तुमची वीण तिथे विणली जात होती."

"मीच सांगितलं तुम्हाला," मावशी पुटपुटल्या. "हसून हसून सांगितलं."

"तसं धरून प्रतिनगर पुन्हा चालवलं."

"काय म्हणतंय?"

"२१३१ नाही. २११२ लाच फुटतं."

मावशींनी बोटांवर मोजलं. पाळण्याकडे बघितलं. "ही एकवीस वर्षांची असेल."

"हो."

"मग बंद करा ना पाणी! रोज नको, दिवसाआड करा!"

"दिलेली सोय काढून घ्यायची नाही, असा कायदा आहे. आम्हीच केलाय. आणि तसा हुकूम काढलाच, तर कारण जाहीर करावं लागेल. कारण कळलं की—"

"हौसेचा हंडा," मावशी म्हणाल्या.

कर्णिक उठले. दाराशी थांबले. भिंतीला टेकून ठेवलेल्या चार फुटी चावीकडे त्यांची नजर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. "येतो," म्हणाले आणि गेले.

मावशी लबाडीच्या बाईच नव्हत्या. त्यांनी आधी सरळ मार्गानेच जाऊन बघितलं. टेकडीवर घरोघर फिरून सांगितलं, की तात्यांच्या आठवणीसाठी रोज सकाळी प्रत्येकाने एक रिकामा हंडा पायथ्याशी आणून ठेवायचा. लोकांना गोष्ट पटली. बायकांनी डोळे पुसले. पहिल्या दिवशी तीनशे हंडे आले, अगदी हळदीकुंकू लावून. आठव्या दिवशी सत्तर. महिन्याने अकरा. दीड महिन्याने मावशी खाली गेल्या तर रांगेत एकच हंडा होता, त्यांचाच, आणि तोही आदल्या दिवसाचा न्यायचा विसरलेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी चावी खांद्यावर घेतली. एकशे बारा पायऱ्या उतरल्या. वरच्या चावीचं झाकण उचललं आणि उलटे सोळा आटे फिरवले. सोळावा फार जड गेला.

"पाइप फुटलाय," त्या दिवशी त्या सगळ्यांना सांगत राहिल्या. "मोठा फुटलाय. दुरुस्तीला दिवस लागतील. खालचे नळ सोडते सहा ते सात."

काय शिव्याशाप उठले! शंभरीचा, पालिकेचा, पाइप बनवणाऱ्याचा सगळ्यांचा उद्धार झाला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, दोन शिव्या आपल्याही घातल्या. तांदूळ उपसून, तुळशी उपटून हंडे माळ्यावरून, अंगणातून खाली आले. सकाळी आठ रांगा लागल्या. तात्यांच्या स्टुलावर साळुंख्यांची म्हातारी येऊन बसली, कुणी न सांगता. साडेसहाला ती ओरडली, "अगं, जगदाळ्यांचा हंडा नाही गं आज!" आणि दोन बायका वर पळाल्या.

नभा बाळाला शेजारी देऊन स्वतः पाणी भरायला उतरली होती. भरला हंडा कमरेवर घेऊन ती पायऱ्या चढायला लागली तेव्हा मावशी खालून बघत होत्या. वरून चाळिसावी म्हणजे खालून त्र्याहत्तरावी. नभाचा पाय तिथे पडेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही. नभाने पाय ठेवला, हंडा सावरला आणि ती वर गेली. उद्याही जाणार होती, परवाही जाणार होती. 'देवा, एवढं दोन कोटींसाठी नको धरूस, हिच्यापुरतं बघ,' मावशी मनात म्हणाल्या आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

पंधरा दिवस झाले, पाइप दुरुस्त होईना. सोळाव्या दिवशी संध्याकाळी नभा कागद-पेन घेऊन समोर बसली. तिच्या कपाळावर ती जुनी आठी होती. मावशींनी ती आरशात बावीस वर्षं बघितली होती.

"आई, अर्ज लिहा."

"मी?"

"मग कोण? अध्यक्ष कोण आहे समितीची? बावीस वर्षं तुम्ही भांडलात म्हणून माझी पोर सुखरूप झाली. आता काय झालं? थकलात?"

"थकते कसली!" मावशी म्हणाल्या आणि त्यांनी कागद ओढून घेतला. 'सविनय अर्ज करण्यात येतो की' इथपासून खालपर्यंत त्यांनी एकटाकी लिहिलं. मजकूर पाठ होता. खाली सही केली : ओवी लोखंडे, अध्यक्ष, पाणी हक्क समिती.

उत्तर तिसऱ्या दिवशीच आलं, डॉ. निषाद कर्णिकांच्या अक्षरात, एका शब्दाचं.

त्याच आठवड्यात पाटीवरचं २०९१ साल कुणीतरी पुसलं आणि तिथे आडवी रेघ ओढली. सकाळी हंडा ठेवायला आलेल्या नभाने ती बघितली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बघितलंत, आई? बघितलंत या मेल्यांनी काय केलंय ते?" ती तावातावाने विचारत राहिली. मावशींनी तिच्याकडे बघितलं नाही. पुढचा हंडा भरला होता. त्यांनी नभाचा हंडा पायाने हातभर पुढे सरकवला.